पीओपीची मूर्ती दोन दिवसांनीही विरघळेना: अमोनियम बायकार्बोनेट किती घालायचं?

बाल्कनीबाग: घरच्या गणपतीचं विसर्जन बादलीत केलं आहे. नऊ इंची पीओपीची मूर्ती, वजन 2 किलो, पाणी 15 लिटर आणि अमोनियम बायकार्बोनेट 1 किलो. आज 48 तास झाले. रंग सुटलाय, पण मूर्ती अजून टणकच आहे. मूर्ती अशी अर्धवट राहिलेली बघवत नाही. थांबावं की आणखी पावडर घालावी? खाण्याचा सोडा चालेल का? आणि उरलेलं पाणी झाडांना किती द्यायचं?

रसायनवाला: पावडर निम्मीच पडली आहे. मूर्तीतलं पीओपी म्हणजे जिप्सम. 172 ग्रॅम जिप्समला 158 ग्रॅम अमोनियम बायकार्बोनेट लागतं, म्हणून वजनास वजन हा हिशेब धरा. आणखी 1 किलो आणा आणि थंड पाण्यात कालवून ओता. गरम पाणी अजिबात नको. त्यात पावडर फुटते, अमोनिया हवेत उडून जातो आणि डोळे चुरचुरतात. पाकीट उघडं राहिलं तरी पावडर हळूहळू उडून कमी होते, त्यामुळे जुनं पाकीट असेल तर थोडी जास्तच घ्या.

दुसरं म्हणजे मूर्ती साखरेसारखी विरघळत नाही. जिप्समचं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि ते पांढऱ्या साक्यासारखं मूर्तीवरच बसतं. त्याखाली पाणी पोचलं नाही की काम थांबतं. दिवसातून तीन-चार वेळा लाकडी काठीनं ढवळा, हातमोजे घालून तो थर हलकेच पुसून काढा. ऑइलपेंट असेल तिथे रंगाचा पापुद्रा आधी काढावा लागतो, नाहीतर आतलं पीओपी कोरडंच राहतं.

नुसत्या पाण्यात वाट बघण्यात अर्थ नाही. लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम जिप्सम विरघळतं. 2 किलोच्या मूर्तीला 800 लिटर पाणीही कमी पडेल! नदीत आणि तलावात पीओपीच्या मूर्ती तशाच पडून राहतात त्या यामुळेच.

मातीकाम: बादली प्लॅस्टिकचीच हवी. तांब्या-पितळेचं भांडं अमोनियानं खराब होतं. वर चार बोटं जागा मोकळी ठेवा, फेस येतो. झाकण घट्ट लावू नका; 2 किलोच्या मूर्तीतून साधारण अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बादली बाल्कनीत ठेवा, बंद बाथरूममध्ये नको.

पुढच्या वर्षीसाठी: उत्तरपूजा झाली की हार, दागिने, कापड काढून मगच मूर्ती पाण्यात ठेवा. आतला काथ्या आणि तार शेवटी गाळून निघते. आणि मूर्ती नक्की पीओपीचीच आहे ना, तेही आधी बघा. तळाचा छोटा तुकडा पाण्यात टाकला तर शाडू थोड्या वेळात मऊ पडते, पीओपी कडकच राहतं. शाडूला पावडर लागतच नाही. तिचा गाळ ड्रेनेजमध्ये ओतू नका, पाइप तुंबतात. वाळवून परत मूर्तीलाच वापरता येतो. पुण्यात ‘पुनरावर्तन’ मोहिमेत तो गोळाही करतात.

बाल्कनीबाग: आणखी 1 किलो घातली, लगेच बुडबुडे सुरू झाले. सोड्याचं आणि पाण्याचं सांगाल का?

रसायनवाला: खाण्याच्या सोड्यानंही कॅल्शियम कार्बोनेट होतं, पण मागे सोडियम सल्फेटचं पाणी उरतं. ते कुंडीत घातलं तर माती खारावते. अमोनियम बायकार्बोनेट घेतलं की मागे अमोनियम सल्फेट, म्हणजे नत्राचं खत राहतं. एनसीएलनं (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) पुण्यात हीच पद्धत रुजवली आणि महापालिका गणेशोत्सवात ही पावडर मोफत देत आली आहे.

आता पाणी. 2 किलोच्या मूर्तीतून सुमारे दीड किलो अमोनियम सल्फेट निघतं. ते 15 लिटरमध्ये आहे, म्हणजे लिटरला 100 ग्रॅम. असंच कुंडीत ओतलंत तर मुळं जळतील. चाळीसपट पातळ करा: 150 मिलीची एक वाटी 6 लिटर पाण्यात. जास्वंद, गुलाब, शोभेची झाडं यांना 15-20 दिवसांतून एकदा पुरे. त्याआधी झणझणीत वास जाईपर्यंत बादली तीन-चार दिवस उघडी ठेवा, मग पातळ फडक्यातून गाळा. मेथी, कोथिंबीर, टोमॅटोला हे पाणी देऊ नका. मूर्तीच्या रंगांत शिसं किंवा क्रोमियम असू शकतं आणि ते गाळण्यानं जात नाही. पूर्ण पातळ केल्यावर 600 लिटर होईल, चार कुंड्यांत ते संपणार नाही. सोसायटीच्या बागेला वाटून द्या.

तळाचा पांढरा साका मात्र रंगासकट वाळवा आणि सुक्या कचऱ्यात वेगळ्या पिशवीत द्या.