दिवा लावला नाही तरी चालेल, ताई

ताई, भाऊ गेल्यापासून देवापुढे हात जोडवत नाहीत आणि घरचे म्हणतात श्रद्धा कमी पडली, असं तुम्ही लिहिलंत. वरच्या प्रतिसादांत दोघातिघांनी लगेच पारायण सुचवलंय. मनानं चांगलेच आहेत ते, पण मला ही घाई वाटते.

१६३०च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको गेली, मुलगा गेला. त्यांच्याच गाथेत 'माझे लेखी देव मेला' असा अभंग आहे, आणि पुढे 'असो त्याला असेल' म्हणून ते मोकळे होतात! (आमच्याकडच्या कीर्तनात हा अभंग मी तरी कधी ऐकला नाही.) वारकऱ्यांनी तो गाथेतून काढून टाकला नाही. मग तुमच्या रागानं कुणाचा देव बाटणार आहे?

दिवाबत्ती सध्या सासूबाईंवर सोपवा. भांडावंसं वाटलं तर देवाशी भांडा, नाहीतर बोलूच नका. माणसं मात्र तोडू नका. २०१९च्या पुरानंतर सांगलीत घराघरांतला चिखल काढायला पोरं आली, त्यांना कुणी आस्तिक का नास्तिक विचारलं नव्हतं. यंदा माउलींची पालखी लोणंदला येईल तेव्हा वाटलं तर या, नुसता चहा वाटायला. पाया पडायची सक्ती नाही.

आणि झोप, जेवण उडालं असेल, जगणं नको वाटत असेल तर लगेच टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.