कॅज्युअल्टीत म्हाताऱ्या माणसांसाठी नेमकं काय बदलायला सांगू?

थोरली_लेक:
मागच्या महिन्यात बाबा (वय ८१) रात्री घरात पडले म्हणून कॅज्युअल्टीत नेलं होतं. एक्स-रे नॉर्मल आला, फ्रॅक्चर नाही म्हणाले, पण वॉर्डात बेड मिळेपर्यंत अकरा तास त्याच अरुंद स्ट्रेचरवर होते आणि त्या अकरा तासांत माझ्या डोळ्यादेखत बाबा बदलत गेले. आधी चिडचिड, मग एकदम गप्प. चादरीचा काठ चिमटीत धरून शर्टाची बटणं लावावीत तसं सारखं काहीतरी करत होते. मी दोनदा जाऊन सांगितलं की हे असं कधीच करत नाहीत, तर उत्तर मिळालं "या वयात होतं असं, शांत पडलेत ना, पडू द्या". दुसऱ्या दिवशी वॉर्डातले डॉक्टर म्हणाले हा डिलिरियम आहे, म्हणजे आजारपणात अचानक उडालेला डोक्याचा गोंधळ, लघवी तुंबलेली आणि वर रात्री झोपेचं इंजेक्शन पण दिलेलं.

अजून एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. त्यांचं कानाचं मशीन माझ्या पर्समध्येच होतं, धांदलीत काढून ठेवलेलं मीच विसरले. त्यांना प्रश्न ऐकूच येत नव्हते आणि केसपेपरवर मात्र "गोंधळलेले" असं लिहिलं गेलं.

आता बाबा ठीक आहेत. मी पत्र दिलं होतं त्यावर हॉस्पिटलने सूचना लेखी द्या म्हटलंय आणि मला वाटतं ते खरंच वाचतील. भांडायचं नाहीये मला. नवीन इमारत वगैरे नको, लगेच सुरू करता येईल असं काय मागू?

रात्रपाळी_सिस्टर:
ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं, मी कॅज्युअल्टीतच काम करते. आरडाओरडा करणारा पेशंट सगळ्यांना दिसतो, गप्प पडलेला कुणालाच दिसत नाही, आणि म्हाताऱ्यांमध्ये डिलिरियमचा हा गप्प प्रकारच जास्त सुटतो.

पहिली मागणी ४एटी ची करा. डिलिरियम ओळखायची दोनेक मिनिटांची तपासणी आहे, वेगळं ट्रेनिंग लागत नाही. माणूस नीट जागा आहे का बघायचं, मग वय, जन्मतारीख, आत्ता कुठे आहात, साल कोणतं हे विचारायचं, मग डिसेंबरपासून महिने उलटे म्हणायला लावायचे. आणि चौथा भाग म्हणजे हा बदल अचानक झालाय का किंवा कमीजास्त होतोय का. एकूण ४ किंवा जास्त गुण आले की डिलिरियम असू शकतो असं धरून पुढे शोधायचं. आता नीट बघा, चौथ्या भागाला "हो" आलं तर त्या एकट्याचेच ४ गुण असतात, आणि ते उत्तर घरच्यांशिवाय कोण देणार? म्हणजे तुम्ही दोनदा जाऊन जे सांगितलंत तेवढं एक वाक्य पुरेसं होतं, ते फक्त कुणीतरी लिहून घ्यायला हवं होतं.

म्हणून केसपेपरवर एक ओळ छापायला सांगा, "रोजच्यापेक्षा वेगळे वाटतात का, कधीपासून?" आणि शेजारी चष्मा, कवळी, कानाचं मशीन कुठे आहे ते.

इमर्जन्सी_डॉक:
सिस्टरशी शंभर टक्के सहमत. पत्रात आधार म्हणून लिहा की अमेरिकेत इमर्जन्सीचे डॉक्टर, इमर्जन्सी नर्सेस आणि वृद्धांचे डॉक्टर यांच्या संघटनांनी मिळून २०१४ साली यावर मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०१८ पासून तिथे म्हाताऱ्यांची अशी काळजी घेणाऱ्या कॅज्युअल्टी विभागांना गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ अशी मान्यताही मिळते. ब्रॉन्झला काही फार मोठा खर्च नाही.

मला औषधांबद्दल जास्त बोलायचंय. झोपेची इंजेक्शनं आणि ॲलर्जीची जुनी गुंगी आणणारी औषधं म्हाताऱ्यांना शक्यतो देऊ नयेत, यासाठी बीअर्स यादी १९९१ पासून आहे, २०२३ लाही सुधारली. त्यातली ॲलर्जीची औषधं तर डोकंही गोंधळवतात आणि लघवीही अडवतात. तळमळतोय म्हणून गुंगीचं औषध देण्याआधी दुखतंय का, लघवी तुंबलीय का, तहान लागलीय का हे बघायला हवं. सोनोग्राफीने मूत्राशय बघायला किती वेळ लागतो! आणि लघवीची नळी गरज असेल तरच, नाहीतर तीच इन्फेक्शन आणि डिलिरियमचं कारण होते.

दुसरं म्हणजे आकडे फसवतात. वय झालेल्या माणसाला हार्ट अटॅक येतो आणि छातीत दुखत नाही, नुसता दम लागतो किंवा गळून जातो. इन्फेक्शन असून ताप नसतो. बीपीची काही औषधं चालू असली की नाडी वाढतच नाही. पासष्टच्या पुढच्या माणसाला मार लागलेला असेल तर वरचं बीपी ११० च्या खाली आलं तरी सावध व्हायचं, तरुणाला ते नॉर्मल असतं. आणि "पडले" म्हटल्यावर नुसतं हाड बघून सोडू नये, का पडले ते विचारावं, घरी सोडण्याआधी उठवून चार पावलं चालवून बघावं.

एक_वाचक:
सगळं पटतं पण रात्री सिस्टर एक आणि पेशंट वीस असतात, हे करणार कोण?

रात्रपाळी_सिस्टर:
खरंय, म्हणूनच एका नातेवाईकाला आत बसू द्या असं मागा. कूस बदलायला, पाणी द्यायला, मशीन कानात घालायला नर्सच लागते असं नाही. आणि डिलिरियम सुटला तर तोच पेशंट पुढे कितीतरी दिवस जास्त राहतो, तेव्हा आमचाच वेळ जातो.

थोरली_लेक:
खूप खूप आभार सगळ्यांचे. काल हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. त्या रात्रीचं त्यांना बाकी काही आठवत नाही, एवढंच म्हणाले की लघवीला जायचंय असं मी तीनदा सांगितलं, तिथले लोक म्हणाले उठू नका पडाल. मी तेव्हा बाहेर बिलाच्या रांगेत होते. पत्रात आता पहिली मागणी तीच टाकलीय, दर दोन तासांनी विचारा आणि धरून न्या, ४एटी दुसरी.