चौथीच्या वर्गात वैयक्तिक सुरक्षितता कशी शिकवावी?

वर्गशिक्षिका, महाल

नमस्कार. मी नागपुरातील एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस सुरू होतील. वर्षाचे नियोजन करताना असे ठरले आहे की वैयक्तिक सुरक्षिततेचा विषय यंदा वर्गशिक्षकांनीच घ्यावा. आजवर वर्षातून एकदा बाहेरून कोणी येऊन चाळीस मिनिटांत ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ समजावून सांगत आणि मुले टाळ्या वाजवून घरी जात. मागील वर्षी अशा कार्यक्रमानंतर एका मुलाने मला विचारले, “मॅडम, डॉक्टर सुई टोचतात तेव्हा दुखते, मग तो वाईट स्पर्श का?” मला नीट उत्तर देता आले नाही. हा भाग परिसर अभ्यासाला जोडून घ्यावा की स्वतंत्र तास ठेवावा, अवयवांसाठी कोणते शब्द वापरावेत आणि पालकांना आधी सांगावे का, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त मुख्याध्यापिका, प्रतापनगर

त्या मुलाचा प्रश्न अगदी नेमका आहे. असुरक्षित स्पर्श दुखतोच असे नाही. कित्येकदा तो लाडाचा, खाऊ देऊन केलेला असतो. मग मुलाला वाटते की आपल्याला वाईट वाटले नाही, म्हणजे चूक आपलीच असावी. म्हणून मी ‘चांगला-वाईट’ ही जोडी सोडून ‘सुरक्षित-असुरक्षित’ म्हणू लागले आणि त्यासोबत एक साधा नियम देत असे. चड्डी-बनियनने झाकलेले भाग कोणी पाहू नयेत, त्यांना हात लावू नये आणि आपल्यालाही तसे करायला सांगू नये. स्वच्छता आणि औषधोपचार हे अपवाद, पण तेव्हाही आपले माणूस जवळ असते आणि ‘कोणाला सांगू नकोस’ असे कोणी बजावत नाही. सुईचा प्रश्न इथेच सुटतो.

शब्दांबाबत म्हणाल तर आपल्या वर्गात वऱ्हाडी, हिंदी आणि काही ठिकाणी गोंडी बोलणारी मुले एकत्र बसतात. प्रत्येक घराचा शब्द निराळा असतो, त्यामुळे मूल काही सांगू पाहते आणि ऐकणाऱ्याला कळतच नाही. परिसर अभ्यासात शरीराचे अवयव येतात, त्याच ओघात शिश्न, योनी, स्तन, गुद हे शब्दही नाक-कानांइतक्याच सहजपणे उच्चारावेत. मुले हसतील, हसू द्यावीत, तिसऱ्या वेळी हसत नाहीत. घरचा शब्द वापरल्याबद्दल मात्र कोणाला टोकू नये.

स्वतंत्र तास वर्षातून एकदाच घेण्यापेक्षा महिन्यातून दहा मिनिटे द्यावीत. गुपित आणि वाढदिवसाची गंमत यांतला फरक हा एक दिवस पुरेल असा विषय आहे, कारण गंमत एका ठरलेल्या दिवशी सगळ्यांना कळतेच.

पालक, हिंगणा रोड

माझे मत थोडे वेगळे आहे. माझ्या मुलीच्या शाळेत असा कार्यक्रम झाल्यानंतर ती आठवडाभर शाळेच्या व्हॅनमध्ये बसायला तयार नव्हती, कारण तिला केवळ ‘अनोळखी काका’ची भीती घालण्यात आली होती. प्रत्यक्षात राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत अशा बहुतेक प्रकरणांतला आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो. हे वर्गात कसे सांगणार? आणि आम्हाला आधी बोलावले असते, तर रात्री तिच्या प्रश्नांना काही तरी धड उत्तर देता आले असते.

वकील, सिव्हिल लाइन्स

पालकांचा आक्षेप योग्य आहे. माणसांच्या याद्या न देता वागणुकीच्या खुणा द्याव्यात, म्हणजे काका-मामा-सर असा भेद करण्याची वेळच येत नाही.

स्पर्शाची वर्गवारी मुलावर का सोपवू नये, याचे उदाहरण आपल्याच शहरात आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये लहान मुलावरील लैंगिक अत्याचाराचा गुन्हा ठरण्यासाठी त्वचेचा त्वचेशी थेट संपर्क आवश्यक मानला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये तो निकाल रद्द करून लैंगिक हेतू महत्त्वाचा ठरवला. न्यायालयातही जिथे मतभेद झाले, तिथे नऊ वर्षांच्या मुलाने निवाडा करावा अशी अपेक्षा कशी ठेवायची?

मुलाने काही सांगितले तर पुढची जबाबदारी शिक्षकाची असते. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती किंवा शंका असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर जबाबदारी येत नाही. न कळवणे हा कलम २१ नुसार गुन्हा आहे; संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या व्यक्तीबद्दलची माहिती दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी आपण शाळेतच चौकशी करू’ ही पळवाट कायद्यात नाही. मुलाला खोदून-खोदून विचारू नये, त्याचेच शब्द तारखेसह लिहून ठेवावेत. पोलिसांनी मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याने निवडलेल्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो, हे पालकांना सांगितले तर त्यांची अर्धी भीती जाते. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्यावा.

वर्गशिक्षिका, महाल

सर्वांचे आभार. पहिल्याच आठवड्यात पालकसभा ठेवते आणि वर्गात काय बोलणार तेच त्यांना आधी वाचून दाखवते. आमच्याकडे मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे, तक्रारपेटीही आहे. पण आज मुद्दाम जाऊन पाहिले तर ती कार्यालयाच्या दाराशेजारी इतकी उंच टांगलेली आहे की चौथीच्या मुलाचा हात पोहोचत नाही. ती खाली आणून जिन्याजवळ लावण्याचा अर्ज उद्या देते.