मदत हवी आहे: ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू कमी केले, तरी टी पेशींतील संदेशवहन जसेच्या तसे

प्रश्नकर्ता: उत्तेजित टी पेशींत तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड संदेशवहनास हातभार लावते, असे सगळीकडे वाचायला मिळते. मी पेशींना आधी एनएसी हे ऑक्सिडीकरणरोधक दिले. हे रेणू मोजण्यासाठी वापरलेल्या डीसीएफ या रंगद्रव्याची प्रतिदीप्ती (चमक) निम्म्याहून खाली आली, तरी संदेश पुढे नेणाऱ्या ईआरके या प्रथिनाच्या फॉस्फोरिलेशनमध्ये (फॉस्फेट जोडले जाऊन सक्रिय होण्यामध्ये) तिळमात्र फरक पडला नाही. तीनदा हेच घडले. पुढच्या आठवड्यात निष्कर्ष मांडायचे आहेत, तेव्हा चूक कोठे आहे एवढेच सांगावे.

निरीक्षक: पेशी कोणत्या, उत्तेजन कशाने दिले आणि एनएसीचा सामू उदासीन केला होता का, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

पेशीवेडा: दोष डीसीएफचा आहे. ते हायड्रोजन पेरॉक्साइडशी थेट अभिक्रिया करत नाही. लोह किंवा पेरॉक्सिडेज मध्ये असले तरच चमकते. मी ते कधीच सोडले आणि हायपर हा संवेदक वापरू लागलो.

निरीक्षक: हायपरही सामू बदलला की फसवतो. शिवाय प्रश्न मोजमापाचा नसून ईआरकेचा आहे.

जिज्ञासू: ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू तयार करणाऱ्या नॉक्स2 या विकराचा जन्मजात दोष असलेल्या रुग्णांना वारंवार जंतुसंसर्ग होतो, पण त्यांच्यात दाहही प्रमाणाबाहेर वाढतो; म्हणजे हे रेणू केवळ जंतू मारण्यासाठी नाहीत.

निरीक्षक: खरे आहे, परंतु हे कोणी विचारलेले नाही.

प्रश्नकर्ता: पेशी जुर्कट (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या कर्करोगी टी पेशी), उत्तेजन पीएमए आणि आयोनोमायसिन या रसायनांचे, एनएसी 5 मिलिमोलर, सामू 7.4. नेहमीचीच पद्धत असल्याने लिहिले नाही.

निरीक्षक: उत्तर तेथेच आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड फॉस्फटेजांच्या (फॉस्फेट काढून टाकणाऱ्या विकरांच्या) क्रियाकेंद्रातील सिस्टीन या अमिनो आम्लाचे ऑक्सिडीकरण करून त्यांना काही काळ निष्क्रिय करते, आणि त्यामुळे ग्राहीजवळचा (पेशीच्या पृष्ठभागावर संकेत घेणाऱ्या प्रथिनाजवळचा) संदेश टिकतो. पीएमए मात्र ग्राहीला वगळून थेट खालच्या टप्प्यावर काम करते. जो टप्पा आपण ओलांडूनच गेलात, त्याचा परिणाम ईआरकेमध्ये कसा दिसावा? टी पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी3 आणि सीडी28 या प्रथिनांविरुद्धच्या प्रतिपिंडांनी उत्तेजन द्यावे आणि 2, 5 व 15 मिनिटांनी नमुने घ्यावेत. त्यातही जुर्कटमध्ये पीटेन नसते, आणि पीटेन हे स्वतःच अशा रीतीने निष्क्रिय होणारे फॉस्फटेज आहे. म्हणून रक्तातील टी पेशी घेणे बरे.

पेशीवेडा: तरीही डीसीएफ वापरू नये.

प्रश्नकर्ता: प्रतिपिंडे हाताशी आहेत, रक्तातील पेशींना वेळ लागेल. तोवर जुर्कटवरच प्रयोग करून आकडे येथे देतो.