टेरेसवर गॅस ग्रिल नक्की कुठे ठेवायचं? (खारघर, रो हाऊस)

खारघरची_सून:
नमस्कार मंडळी, आम्ही खारघरला रो हाऊसमध्ये राहतो, वर आमचं स्वतःचं टेरेस आहे. दिरांनी गॅस ग्रिल आणलंय, एलपीजी सिलिंडरवर चालणारं, आणि कोजागरीला सगळे जमणार आहेत तेव्हा त्याच्यावर पापलेट, पनीर, कणसं करायची असं ठरलंय. ठेवायचं कुठे यावर मात्र घरात तीन मतं आहेत. सासूबाई म्हणतात किचनच्या मागच्या बाल्कनीत ठेवा, जाळीतून हवा येते, सारखं वरखाली करायला नको. दीर म्हणतात टेरेसवरच्या पॉलिकार्बोनेटच्या शेडखाली, म्हणजे पाऊस आला तरी चिंता नाही. मला उघडा कोपरा बरा वाटतोय पण तिथे दोन्ही बाजूंनी कंबरेइतका पक्का कठडा आहे, कोपऱ्यातच पावसाचं पाणी जायचा पाईप आहे आणि खाली प्लास्टिकचं लॉन अंथरलंय. घरात दोन लहान मुलं आहेत. कुणी वापरत असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

नेरुळवाला:
ताई, बाल्कनी पहिली बाद करा. जाळी असली तरी वर स्लॅब, तीन बाजूंनी भिंती, दोरीवर कपडे आणि काही झालं तर बाहेर पडायला एकच दार, तेही किचनमध्ये उघडणारं. माशाची चरबी किंवा मॅरिनेशनचं तेल बर्नरवर पडलं की एकदम ज्वाळा वर येते, तेव्हा वर आणि आजूबाजूला मोकळी जागाच हवी. शिवाय धूर आणि कार्बन मोनॉक्साइड घरात शिरणार ते वेगळंच. शेडचंही तेच, पॉलिकार्बोनेट म्हणजे शेवटी प्लास्टिक.

तळोजा_सेफ्टी:
मी एमआयडीसीत सेफ्टीचंच काम बघतो म्हणून थोडं लांबलचक लिहितोय, पण यातला महत्त्वाचा मुद्दा बहुतेक वेळा राहून जातो. वर आकाश उघडं आहे म्हणजे जागा सेफ आहे असं एलपीजीच्या बाबतीत नसतं. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, लीक झाला की वर उडून जात नाही, खाली बसतो आणि उताराकडे सरकतो. पक्क्या कठड्याचं टेरेस म्हणजे गॅससाठी उथळ टबच, वारा पडलेला असेल तर तिथेच साचून राहतो. त्यात टेरेसच्या कोब्याला उतार असतो तो बरोबर तुमच्या पाण्याच्या पाईपाकडे, म्हणजे गॅस पाईपात उतरणार आणि खाली चेंबरमध्ये जाणार. म्हणून तो कोपरा नको. जिन्याचं दार पण लक्षात घ्या, दाराजवळ ग्रिल ठेवलं आणि गॅस सुटला तर तो पायऱ्या उतरून सरळ घरात येतो.

मी असतो तर टेरेसच्या साधारण मध्यावर ठेवलं असतं, शेडच्या बाहेर, भिंत, कठडा, शेजाऱ्यांची खिडकी सगळ्यापासून शक्यतो १० फूट लांब. तेवढी जागा नसेल तर ग्रिलच्या मॅन्युअलमध्ये कमीत कमी अंतर दिलेलं असतं, त्याच्या आत बिलकुल जाऊ नका. ग्रिलखालचं आणि भोवतीचं लॉन गुंडाळून ठेवा, फरशी किंवा कोबा उघडा हवा, टेरेसला वॉटरप्रूफिंगची डांबरी शीट मारलेली असेल तर त्यावरही नको. बांबूची चटई, वेली, सुकी पानं लांब. आणि वारा बघा, आपल्याकडे संध्याकाळी बहुतेक पश्चिमेकडून येतो, तो ग्रिलच्या पाठीमागून थेट यायला नको, ज्वाळा नॉबच्या बाजूला ढकलली जाते.

सिलिंडर उभाच, ग्रिलच्या बाजूला, पाईपला ताण किंवा पीळ न पडता. पाईप आयएसआय मार्कवाली नारिंगी सुरक्षा ट्यूब घ्या, पाच वर्षांनी ती बदलायचीच. सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवरचा कोड वाचा, सी-२७ असेल तर सप्टेंबर २०२७ पर्यंत टेस्टिंग व्हॅलिड. दरवेळी जोडल्यावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की पेटवायचं नाही.

घोडबंदर_कमिटी:
वरचं सगळं बरोबर. आम्ही ठाण्यात टॉवरमध्ये, टेरेस कॉमन आहे, तिथे सोसायटीच्या परवानगीशिवाय कुणालाच ग्रिल लावू देत नाही आणि रेफ्युज एरियात तर नाहीच नाही, ती जागा आगीच्या वेळी माणसांना थांबायला असते. रो हाऊसवाल्यांनी निदान शेजाऱ्यांना आधी सांगावं, धूर त्यांच्या बेडरूममध्ये जातो हो, लहान बाळं आणि दमेकरी माणसं असतात. मुलांसाठी जमिनीवर खडूने मोठी रेघ मारून घ्या आणि पेटलेलं असेपर्यंत एक मोठं माणूस तिथून हलायचं नाही, फोनवर बोलायलासुद्धा नाही.

खारघरची_सून:
खूप खूप आभार सगळ्यांचे!! सासूबाईंना वाचून दाखवलं, बाल्कनी कॅन्सल. दोन शंका अजून. ऐन वेळी पाऊस आला तर पेटलेलं ग्रिल तेवढ्यापुरतं शेडखाली ओढायचं का? आणि आमच्याकडे पाईप गॅस आहे, त्याचीच लाईन वर घेतली तर सिलिंडरची कटकटच नको ना?

तळोजा_सेफ्टी:
पेटलेलं ग्रिल अजिबात हलवायचं नाही. बर्नर बंद, सिलिंडर बंद, आणि उरलेलं मॅरिनेशन खाली तव्यावर. पाईप गॅस म्हणजे नॅचरल गॅस, त्याचे जेट वेगळे असतात, एलपीजीचं ग्रिल त्यावर चालत नाही आणि लाईनला स्वतः हात लावायचा नाही, गॅस कंपनीलाच विचारा.

पेटवताना झाकण उघडंच ठेवा. पेटलं नाही तर नॉब बंद करून पाच मिनिटं थांबा, लगेच परत परत टकटक करू नका. तेलाने भडका उडाला तर पाणी ओतायचं नाही, हात पोचत असेल तर बर्नर आणि सिलिंडर बंद, पोचत नसेल तर सगळ्यांना खाली न्या आणि १०१ ला फोन. नुसता वास आला तर जवळपास स्विचला हात न लावता सिलिंडर बंद करून १९०६ वर कॉल करा, चोवीस तास चालू असतो. आणि काम झालं की रेग्युलेटर काढून सेफ्टी कॅप लावा, सिलिंडर जिन्याखाली ठेवू नका.