मुलं लहान असताना बाल्कनीतली बाग ठेवावी की वाटून टाकावी?

धावदोरा (मानपाडा, ठाणे)

पाऊस यायच्या आत ठरवायचं आहे म्हणून लिहिते. माझ्या बाल्कनीत ३४ कुंड्या आहेत. त्या सगळ्या वाटून टाकाव्यात असं माझं मत झालं आहे. कुणाला ते खोडून काढता येत असेल तर मला खरंच ऐकायचं आहे.

घरात आम्ही पाच जण. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा, सासूबाई, नवरा आणि मी. ऑफिस ऐरोलीत. घोडबंदर रोडवर गर्दी नसेल तर ठाणे स्टेशन अर्ध्या तासात, असेल तर तासाने, मग ट्रान्स-हार्बरची गाडी. सव्वाआठला निघते, साडेसातला परत येते.

बाग २०२० च्या टाळेबंदीत तीन कुंड्यांपासून वाढत गेली. दुसरं काम गोधडीचं. आजेसासूबाईंच्या तीन नऊवारी आहेत, धुऊन धुऊन मऊसूत झालेल्या. त्यांची गोधडी दोन वर्षांपूर्वी शिवायला घेतली. अजून पाव भागही झालेला नाही.

आधी वाटायचं, वेळच नाही. मग महिनाभर लिहून ठेवलं. बागेला रोज पंधरा-वीस मिनिटं लागतात, फार नाही. पण ती मिनिटं माझ्या सवडीने येत नाहीत. पानांवर मावा, म्हणजे रस शोषणारी कीड, दिसला की त्याच दिवशी बघावं लागतं. मे महिन्यात एक दिवस पाणी चुकलं की मिरची मान टाकते. गोधडीचं उलटं आहे. महिनाभर कपाटात राहिली तरी तिचं काही बिघडत नाही, पण बसले की सलग दीड तास हवा. सुई ओवून, चारही थर नीट बसवून टाका सरळ पडायला लागतो तोवर पंधरा मिनिटं गेलेली असतात. मग होतं असं की जे काम थांबत नाही ते थांबणाऱ्या कामाचा वेळ घेऊन जातं. रविवारच्या दुपारी मला दोन तास मिळतात, ते माती उकरण्यात आणि निंबोळी तेल फवारण्यात संपतात.

म्हणून एकच ठेवायचं ठरवलं आहे, आणि ती गोधडी. दोन्ही जिवाभावाची आहेत, त्यामुळे हे लिहितानाही वाईट वाटतंय.

अळूवडी (खारघर)

ताई, मे महिन्यात बागेचा निकाल लावू नका. आपल्याकडे बागेसाठी हा सगळ्यात कठीण महिना. जून लागला की हेच झाड वेगळं दिसेल.

आणि बाग काढायच्या आधी बागेत काय लावलंय ते सांगा. माझ्याकडेही मुलं लहान असताना टोमॅटो, ढोबळी मिरची, वांगी होती. फळभाजीला निदान सहा तास थेट ऊन लागतं, आधार बांधावा लागतो, आठवड्याआड खत लागतं, आणि पिठ्या ढेकूण पहिले तिच्यावरच येतात. मी ते सगळं बंद केलं. आता अळू, गवती चहा, पत्री ओवा, पुदिना, कढीपत्ता, एवढंच. अळूला तर दिवसभराचं ऊनही नको. भाताला ओव्याची दोन पानं, चहाला गवती चहा, रोज काहीतरी हाताला लागतं. आठवड्यात एकूण अर्धा तास जातो.

लहान कुंड्यांना वात लावा. जुन्या सुती कापडाची पट्टी पिळून तळाच्या भोकातून आत घ्यायची, दुसरं टोक खाली पाण्याच्या बाटलीत. आम्ही चार दिवस गावाला जाऊन येतो, पुदिना हिरवा असतो.

धावदोरा

टोमॅटो आहेत, आठ कुंड्या. मिरच्या सहा. तुमचा मुद्दा पटतोय. पण पावसाचं तेवढं सोपं नाही. वर पुढच्या मजल्याची बाल्कनी आहे, पाऊस फक्त कठड्याजवळच्या रांगेवर पडतो. ती रांग जुलैत सडते आणि आतली पाण्याची वाट बघत बसते. पावसाळ्यात माझं काम कमी होत नाही, फक्त बदलतं.

तिसरा_मजला (वाशी)

मी बागवाल्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो, त्या बाजूचं कुणीच बोलत नाही म्हणून बोलतो. वाटून टाका. निर्णय बरोबर आहे.

आमच्या वरच्या घरी तुमच्याएवढ्याच कुंड्या होत्या. माणसं चांगली, पण दोघंही नोकरीला. घाईत पाणी घालायचे, ते लाल मातीसकट आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. सांगितलं की दोन आठवडे बरं चालायचं. नंतर तर कुंड्यांखालच्या बशांत पाणी साठून राहायला लागलं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. नुसती बशी रिकामी करून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. बशी घासावी लागते, दर आठवड्याला. ज्या घरात गोधडीला वेळ नाही तिथे बशा कोण घासणार?

वजनाचंही बघा. बारा इंची कुंडी भिजल्यावर वीस-पंचवीस किलो भरते. अशा दहा म्हणजे दोन-अडीच क्विंटल. ग्रिलवर तर एकही ठेवू नये.

अळूवडी

बशांचं शंभर टक्के मान्य. मी बशा काढूनच टाकल्या, खाली एकच लांब ट्रे आहे, तो मोरीत आणून घासता येतो. वजनासाठी अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या, कुंडी बरीच हलकी होते, आणि मोठ्या कुंड्या भिंतीलगत ठेवा. पण दादा, घाई केली शेजाऱ्यांनी. त्याची शिक्षा यांच्या झाडांना कशाला?

नेरूळचा_बाबा

सगळे कुंड्या मोजताय. पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य परत वाचा. घरात पाच माणसं, आणि पाणी चुकलं की मिरची मान टाकते. पाण्याची आठवण पाचांपैकी एकीलाच का असावी?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. त्यातही ही सरासरी फक्त घरकाम करणाऱ्यांची आहे, आणि असे पुरुष शंभरात सव्वीस होते. या २९९ मिनिटांच्या वर छंद बसवायचा आणि तो बसला नाही की बाईने म्हणायचं, मीच एक सोडते.

आमच्याकडे दोन्ही मुलं लहान असताना बायको संवादिनी शिकत होती. क्लास शनिवारी संध्याकाळी. त्या तीन तासांत घर माझं, असं ठरलं. ठरलं म्हणजे 'मी मदत करतो' असं नाही. ताप आला तर मी, स्वयंपाक मी, पाहुणे आले तर मी, तिला फोन करायचा नाही. पहिले दोन महिने घरात फार ओढाताण झाली. आज ती विशारद आहे आणि आमचं घर उभं आहे. तुम्ही कुंड्या वाटल्यात तरी मोकळा झालेला रविवार दुसरं कुठलं तरी काम गिळेल, गोधडी तिथेच राहील.

धावदोरा

हे वाचून थोडं लागलं, खरं सांगते. नवरा काहीच करत नाही असं नाही. मुलाची सगळी सकाळ त्याच्याकडे आहे, आंघोळ, डबा, बालवाडीत सोडणं. त्याच्या वाट्याला बाग नाही कारण बाग मी आणली. मुलं आम्ही दोघांनी आणली, कुंड्या मी एकटीने. माझ्या हौसेचा भार त्याने का घ्यावा? त्याने उद्या मासे पाळले तर त्यांचं पाणी मी बदलणार नाही.

नेरूळचा_बाबा

न्याय्य आहे तुमचं म्हणणं, शब्द मागे घेतो, आकडे नाही. माशांचं पाणी बदलू नका, पण तो टाकी धुतो त्या दोन तासांत मुलांकडे तुम्ही बघालच. गोधडीला एवढंच हवं आहे. रविवारी दीड वाजता दार लोटून घ्यायचं.

साठीपार (नौपाडा)

मुली, मी एकसष्ट वर्षांची आहे आणि तुझ्यासारखाच निर्णय मी १९९० च्या सुमारास घेतला होता. तेव्हा दोन मुलं, सासरे अंथरुणाला खिळलेले, आणि माझं भरतकाम. काशिदा करत होते मी, पडद्यांवर, साड्यांवर. मनाशी म्हटलं, मुलं मोठी झाली की करू. मुलं मोठी झाली, आता एक पुण्यात आणि एक परदेशात. वेळच वेळ आहे. पण दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी सांधे धरले आहेत, अर्धा तास सुई धरली की रात्रभर ठणकतं. चष्मा लावूनही बारीक टाका दिसत नाही. त्यामुळे 'नंतर' या शब्दावर माझा विश्वास राहिलेला नाही.

तू गोधडी ठेवते आहेस ते अगदी बरोबर करते आहेस. हाताचं काम हात चांगले आहेत तोवर. बाग मात्र मी पन्नाशीनंतर केली आणि छान झाली. झाडांना बारीक नजर लागत नाही.

कोलशेतकर

काकूंबद्दल आदर ठेवून माझा अनुभव उलटा आहे. मी चित्रं काढते. मुलगा झाल्यावर सात वर्षं ब्रश हातात घेतला नाही, आणि त्या सात वर्षांत मला त्याची टोचणीही नव्हती. आठव्या वर्षी बसले तर हात अडखळला, तीन महिन्यांत सुटला. सोडणं म्हणजे गमावणं असं धरून आपण बायका स्वतःला फार पिळतो. घर सांभाळा, नोकरी करा, आणि वर काहीतरी सुंदरही घडवा, नाहीतर आयुष्य वाया गेलं! माझं मत असं की मुलगा सहा वर्षांचा होईपर्यंत दोन्ही बाजूला ठेवा. रविवारी दुपारी झोपा. झोपेचा हक्क गोधडीआधीचा आहे.

साठीपार

सात वर्षांनी हात सुटला कारण वय चाळिशीच्या आत होतं. माझी तीस वर्षं गेली. पण झोपेचं पटलं, तेवढं मी तरुणपणी कुणाकडून ऐकायला हवं होतं.

अंगणवाला (सीबीडी बेलापूर)

मला वाटतं बाग घरात आणण्यातच चूक आहे. ती खाली न्या. मी आर्टिस्ट व्हिलेजजवळ राहतो. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात सिडकोसाठी ती वसाहत आखली तेव्हा सात-सात घरांच्या मध्ये एक छोटं सामाईक अंगण ठेवलं. आता तिथली बरीच घरं बदलली, वर चढली, पण कल्पना अजून कामाची आहे. माझ्या सोसायटीत आम्ही कुंपणालगतच्या पट्ट्यात सहा घरांनी मिळून वाफे केले. पाण्याला पाळी आहे, आठवड्यातून एक दिवस वाट्याला येतो. गावाला गेलं तर सांगून जायचं.

तिसरा_मजला

आमच्याकडेही झालं होतं हे. उत्साह पहिला पावसाळाभर. दिवाळीनंतर सहातली दोन घरं उरली, त्यातल्या एका घरच्या आजी. पाळी लावली तरी ती पाळणारी माणसं लागतात.

अंगणवाला

आमच्यातलीही दोन घरं गळाली, खोटं कशाला सांगू. चार टिकली ती पाळीच्या तक्त्यामुळे नाही, तोडणीमुळे. जो पाणी घालेल त्याची त्या दिवशीची भाजी, असा नियम केला. माठाची जुडी हातात घेऊन वर जाणारा माणूस पुढच्या आठवड्यात येतोच.

धावदोरा

चार दिवस उत्तर दिलं नाही कारण घरात एक गोष्ट घडली.

साठीपार काकूंचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "कुंड्या देणार आहेस ते मला कुणी विचारलं नाही." मी गप्पच झाले. मी ऑफिसात असते तेव्हा दुपारी तीनला त्या बाल्कनीत बसतात. जास्वंदाची फुलं रोज सकाळी पूजेला त्याच काढतात हे मला माहीत होतं, पण मोगऱ्याला पाणी त्याच घालतात हे माहीत नव्हतं. एप्रिलमध्ये मोगरा इतका फुलला त्याचं श्रेय मी माझ्या गांडूळखताला दिलं होतं. मिरच्यांना त्या हात लावत नाहीत. म्हणाल्या, "त्या तुझ्या, मी कशाला मध्ये पडू?" म्हणजे इतकी वर्षं एका बाल्कनीत दोघींच्या दोन बागा होत्या, आणि दुसरीचं मला कळलंच नव्हतं.

आम्ही दोघी काल खाली बसून एकेक कुंडी बघितली. तुळस, दोन जास्वंद, तीन मोगरे, गोकर्ण, कढीपत्ता, हे त्यांचं. कुठे ठेवायच्या, कधी छाटायच्या ते त्या ठरवतील, मला विचारायचं नाही. वजन उचलायचं काम नवऱ्याचं, ते त्याने आपणहून घेतलं. अळू आणि गवती चहा माझे. मुलीने एक टोमॅटो मागितला. तो वाळला तर मी पाणी घालणार नाही असं तिला सांगितलं आहे. ते पाळणं मला जड जाणार आहे. मोठ्या कुंड्या भिंतीलगत आल्या, बशा सगळ्या काढल्या.

अकरा राहिल्या. तेवीस द्यायच्या आहेत.

कोलशेतकर, झोपेचा विचार मी खूप केला. पण काल दुपारी दीड तास गोधडीवर बसले आणि उठले तेव्हा झोपून उठल्यावर वाटतं त्याहून बरं वाटलं. प्रत्येकीचं वेगळं असेल.

येत्या रविवारी सकाळी आठ ते दहा कुंड्या गेटवर ठेवते. सात टोमॅटो, सहा मिरच्या, दोन वांगी, तीन पुदिना, एक लिंबू (अजून फळ धरलेलं नाही, आधी सांगते), बाकी शोभेची झाडं. सोबत जाडं पोतं आणा, मातीसकट न्यायच्या आहेत.

तिसरा_मजला

पुदिना एक मला ठेवा. खिडकीच्या आत ठेवीन, बशीशिवाय.

अळूवडी

लिंबू मी नेते. खारघरहून येते, साडेनऊ होतील, कुणाला देऊ नका. तुमच्यासाठी अळूचे चार कंद आणते, काळ्या देठाचे, वडीचे.