लाइव्ह थ्रीडी पात्र: प-ब-म ला ओठ मिटत नाहीत, डोळे अर्धे उघडे, आवाज पुढे पळतोय

बोलकी_बाहुली:
नमस्कार मंडळी. मुलांच्या विज्ञान कार्यक्रमासाठी एक थ्रीडी पात्र लाइव्ह चालवायचं आहे. आयफोनवर लाइव्ह लिंक फेस (चेहऱ्याच्या हालचाली टिपणारं ॲप), तिथून वायफायने अनरियल इंजिन (पात्र हलवून दाखवणारं सॉफ्टवेअर), आणि हिरव्या पार्श्वभूमीवरचं पात्र ओबीएसमध्ये (रेकॉर्डिंग-प्रसारणाचं सॉफ्टवेअर) विंडो कॅप्चरने घेतलंय. फोन आणि इंजिन दोन्ही सेकंदाला ६० फ्रेमवर. ॲपलच्या एआरकिटचे ५२ शेप (चेहऱ्याच्या एकेका हालचालीचे आकार; प्रत्येकाचा ० ते १ आकडा फोनकडून येतो, तो त्याचा चॅनल) ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच केले. थरथर फार होती म्हणून सगळ्या चॅनलना १० फ्रेमची सरासरी लावली.

आता ‘पप्पा’, ‘भोपळा’, ‘मामा’ म्हणताना ओठ मिटतच नाहीत. माउथ-क्लोज हा शेप वाढवला तर गप्प बसल्यावर खालचा ओठ वरच्यातून आरपार जातो. डोळे पूर्ण बंद होत नाहीत. आवाज ओठांच्या आधी येतो. आणि ओबीएसवर क्लिक केलं की पात्र अडखळत हलतं. मशीन कमी पडतंय का?

सूत्रधार:
मशीनचा दोष दिसत नाही. ओठांचं आधी सांगतो, कारण तिथे बहुतेक जण फसतात.

माउथ-क्लोज म्हणजे ‘तोंड बंद’ नव्हे. जबडा खाली असताना ओठ किती मिटलेत, ते तो चॅनल सांगतो. म्हणून त्याचा शेप नेहमी जॉ-ओपनवर (जबडा उघडण्याच्या शेपवर) स्वार होऊन चालायला हवा. दोन्ही १ वर ठेवले की जबडा खाली, पण ओठ चिकटलेले दिसले पाहिजेत. तुम्ही तो शांत चेहऱ्यावरून वेगळा केलाय, म्हणून बोलताना कमी पडतो आणि वाढवला की गप्प असताना आरपार जातो.

दुरुस्ती अशी. जबडा पूर्ण खाली आणि ओठ मिटलेले, असा एक तात्पुरता शेप करा. जॉ-ओपनच्या स्लायडरची किमान मर्यादा −१ करा. मग तात्पुरता शेप १ वर, जॉ-ओपन −१ वर, बाकी सगळे ०, आणि शेप कीच्या मेनूतून ‘न्यू शेप फ्रॉम मिक्स’. जो फरक उरतो तोच खरा माउथ-क्लोज. नंतर जॉ-ओपनची मर्यादा परत ० करायला विसरू नका. तपासताना दोन्ही स्लायडर ०.३, ०.५, ०.८ असे सोबत सरकवा. कुठेही फट दिसता कामा नये. एकटा माउथ-क्लोज १ वर नेल्यावर चेहरा भयाण दिसेल. दिसू दे, तो एकटा कधी येत नाही.

तरीही किंचित फट राहिली तर माउथ-प्रेसचे (ओठ दाबण्याचे) डावे-उजवे शेप थोडे जोरकस करा. मराठीत प, फ, ब, भ, म सतत येतात, आणि प्रेक्षकाची नजर तिथेच अडकते. ‘च’ चहातला की चमच्यातला, हे ओठांवर कुणाला कळत नाही. त्यात वेळ घालवू नका.

फ्रेम_मोजणारा:
डोळ्यांचं कारण तुमची सरासरी. १० फ्रेमच्या सरासरीने ६० फ्रेमवर साडेचार फ्रेम, म्हणजे ७५ मिलिसेकंद उशीर होतो. पापणी पूर्ण मिटलेली असते जेमतेम दोन-चार फ्रेम. ते टोक सरासरीत बुडालं की डोळा अर्धाच बंद दिसणार. प-ब-म चंही थोडंफार तेच होतंय.

सगळ्यांना एकच औषध नको. पापण्या, जबडा, ओठ यांची सरासरी काढून टाका. आय-ब्लिंकला (पापणी मिटण्याच्या चॅनलला) उलट ताण द्या: ० ते ०.७ हे ० ते १ वर पसरवा आणि वरचं छाटा. थरथर खरी खुपते ती डोक्याच्या फिरण्यात आणि भुवयांत. तिथे वन-युरो फिल्टर लावा. हालचाल संथ असताना तो जास्त गुळगुळीत करतो, वेगात असताना सैल सोडतो. त्याचे दोन आकडे: मिनकटऑफ (जितका कमी, तितकी संथ हालचाल गुळगुळीत) आणि बीटा (जितका जास्त, तितका वेगात सैल). सुरुवात मिनकटऑफ १, बीटा ० अशी. डोकं स्थिर ठेवून थरथर थांबेपर्यंत मिनकटऑफ कमी करा, मग मान झटकन फिरवत, पात्र मागे रेंगाळणं थांबेपर्यंत बीटा वाढवा. क्रम उलटा केलात तर दोन्ही आकडे एकमेकांशी भांडत बसतील.

रात्रपाळी:
ओबीएसवर क्लिक केल्यावर अडखळतं त्याचं उत्तर एका ओळीत: अनरियलच्या एडिटर प्रेफरन्सेसमध्ये ‘यूज लेस सीपीयू व्हेन इन बॅकग्राउंड’ची खूण काढा. आणि हिरवा रंग काढायचा असेल तर मोशन ब्लर बंद ठेवा, नाहीतर हलत्या हातांना हिरवी किनार येते.

बोलकी_बाहुली:
ओठ मिटले! अडखळणंही गेलं. आवाज किती मागे ढकलायचा ते अंदाजानेच ठरवायचं का?

फ्रेम_मोजणारा:
अंदाज नको, मोजा. ओबीएसमध्येच ६० फ्रेमवर रेकॉर्ड करा आणि मध्ये थांबत ‘पा… पा… पा’ म्हणा. एडिटरमध्ये आवाजाच्या आलेखात ‘प’ फुटतो ती जागा आणि ओठ सुटतात ती फ्रेम, यांतलं अंतर मोजा. प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंद. समजा अंतर ७ फ्रेम भरलं, तर ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये माइकचा सिंक ऑफसेट ११७ मिलिसेकंद. अधिक आकडा म्हणजे आवाज उशिरा.

नेमकं जुळत नसेल तर आवाज किंचित मागेच राहू द्या. प्रसारणासाठीच्या आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) शिफारशीनुसार आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी जाणवतो, पण मागे पडलेला जवळपास १२५ पर्यंत लक्षात येत नाही. माइक वायरचाच घ्या. ब्लूटूथचा उशीर कायम एकसारखा राहत नाही. फिल्टर बदललात की पुन्हा मोजा.

कळसूत्री:
चेहराच वापरायला हवा असं नाही. पाध्यांच्या अर्धवटरावांना कुठे ५२ शेप होते? १९८९ मध्ये जिम हेन्सनच्या मंडळींनी वॉल्डो हे संगणकी पात्र टीव्हीवर आणलं, तेही हाताने चालवायच्या यांत्रिक साधनावर. जबडा मिडीच्या (संगीताच्या यंत्रांसाठीच्या) नियंत्रकावरच्या फेडरवर, म्हणजे सरकपट्टीवर घ्या आणि अक्षरागणिक एकदा उघडझाप करा. मिडीचे टप्पे ० ते १२७ एवढेच असल्याने संथ हालचालीत पायऱ्या दिसतात. २-३ फ्रेमची सरासरी तिथे चालते. भुवया आणि नजर दुसऱ्या हाताला.

सूत्रधार:
मुलांच्या कार्यक्रमाला हा मार्ग चांगला, पण दोन्ही हात गुंतले की पात्राचे हात कोण हलवणार, ते आधी ठरवा.

डोळ्यांबाबत एक राहिलं. नजर खाली गेली की एआरकिट आय-ब्लिंकही वाढवतं. टेबलावरची संहिता वाचत बोललात तर पात्र पेंगताना दिसेल, आणि वरचा ०.७ चा ताण दिल्यावर जास्तच. संहिता फोनच्या कॅमेऱ्याला लागून, त्याच उंचीवर लावा. ते जमत नसेल तर आय-ब्लिंकमधून आय-लुक-डाउनचा साधारण ०.४ पट वजा करा, आणि ताण त्यानंतर द्या.